सुट्टीतही वसतिगृहाचा एक मजला उघडा राहावा म्हणून

मंडळीतील बंधुभगिनींनो, माजी विद्यार्थ्यांनो आणि प्राध्यापकहो,
प्रभूच्या नावाने सप्रेम नमस्कार.

सत्र परीक्षा संपत आली की आपल्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात दारावर सूचना लागते. अमुक दिवशी दुपारी बाराच्या आत खोल्या रिकाम्या कराव्यात, दिवे बंद करावेत, किल्ली कार्यालयात जमा करावी. बहुतेक मुलामुलींना ती वाचून हुरूप येतो आणि बॅगा भरायची घाई सुरू होते. पण काहींच्या पोटात ती वाचूनच गोळा येतो. त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

ही मुले कोण? काहींचे घर इतके दूर आहे की जायचे-यायचे भाडे एका सुट्टीसाठी परवडत नाही. काही अनाथाश्रमात वाढली. सज्ञान झाल्यावर तिथली जागा सोडावी लागली आणि आता वसतिगृहातली खोली हाच त्यांचा एकमेव पत्ता आहे. काहींचे घर आहे, पण तिथे परतणे सोपे राहिलेले नाही. त्याची कारणे आम्ही विचारत नाही आणि विचारूही नयेत, असे आमचे ठाम मत आहे.

सुट्टी लागली की अशी मुले काय करतात ते वॉर्डनना चांगले ठाऊक आहे. आज एका मैत्रिणीच्या घरी, चार दिवसांनी दुसऱ्या मित्राकडे, प्रत्येक ठिकाणी आपण भार तर होत नाही ना या धास्तीत. मागच्या नाताळच्या सुट्टीआधी एक विद्यार्थिनी कार्यालयात आली. राहायची सोय तिने मागितलीच नाही. पुस्तकांचे खोके आणि पांघरूण कपाटात ठेवता येईल का, एवढेच विचारले. स्वतः कुठे जाणार, हे विचारल्यावर ती म्हणाली, ‘होईल काहीतरी.’ सामानाची सोय लगेच झाली. तिची सोय लावायला मात्र आम्हाला संध्याकाळ झाली.

वसतिगृह बंद ठेवण्यात कुणाचा दुष्टावा नाही. वर्षभर राबणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही सुट्टी हवी, स्वयंपाकघर बंद होते, नळ-विजेची दुरुस्ती आणि आग-सूचना यंत्रणेची तपासणी याच दिवसांत उरकावी लागते. चार मुलांसाठी अख्खी इमारत चालू ठेवणे परवडत नाही, हेही खरे. म्हणून आमच्या वसतिगृह साहाय्य समितीने सुचवले आहे की एकच मजला उघडा ठेवावा. थांबणारी सगळी मुले तिथे राहतील, मुलींचा भाग वेगळा आणि कुलूपबंद असेल, मजल्यावरची छोटी पाकखोली त्यांना वापरता येईल. व्यवस्थापनाची तयारी आहे. अट एकच: माणसे आणि खर्च आपण उभा करायचा.

पहिली गरज माणसांचीच आहे. रात्री मजल्यावर कुणीतरी जबाबदार मोठे माणूस हवे. सहाव्या शतकात संत बेनेदिक्त यांनी मठांसाठी नियम लिहिले, त्यात द्वारपालाची खोली दाराजवळच असावी असे सांगितले आहे, म्हणजे येणाऱ्याला हाकेला ओ देणारा कुणीतरी कायम सापडेल. आम्हालाही तेच हवे आहे. निवृत्त शिक्षक, परिचारिका, मुले मोठी झालेली जोडपी यांनी दोन-तीन रात्री जरी वाटून घेतल्या तरी सुट्टी निभावेल. काम अवघड नाही. आजारी पडलेल्याला दवाखान्यात न्यायचे, रात्री उशिरा कुणी परतले तर दार उघडायचे, आणि कुणाला बोलावेसे वाटले तर ऐकायचे. या तिसऱ्या कामाला वेळ जास्त लागतो. वसतिगृह भरलेले असते तेव्हा शेजारच्या खोलीतल्या हसण्या-भांडणाचा आवाज असतो, इस्त्रीसाठी रांग असते, झोपण्याआधी मजल्यावरची छोटी प्रार्थना असते. ते सगळे एकदम थांबले की खोली खायला उठते.

दुसरी विनंती घर उघडण्याची आहे. निदान सणाचे दोन-चार दिवस तरी कुणा मुलाला किंवा मुलीला आपल्याकडे बोलवा. शक्यतो दोघांना एकत्र पाठवू, म्हणजे त्यांनाही अवघडल्यासारखे वाटणार नाही. नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक घरी समितीचे दोघे आधी येऊन भेटतील आणि मुलांकडे वॉर्डनचा नंबर राहील. याचा कुणी राग मानू नये, दोन्ही बाजूंच्या भल्यासाठीच हे आहे. स्वतंत्र अंथरूण आणि घराच्या वेळा आधी सांगणे, एवढे पुरे. परीक्षेने थकलेली ही मुले पहिले दोन दिवस नुसती झोपतील, झोपू द्या. आपल्या वसतिगृहात इतर धर्मांची मुलेही राहतात. त्यांना उपासनेला येण्याचा आग्रह करू नका. आलीच तर शेजारी जागा द्या. आणि पाहुण्यांसमोर त्यांची ओळख ‘बिचारी, हिला कुणी नाही’ अशी करून देऊ नका. ती आपली पाहुणी आहे, एवढी ओळख भरपूर झाली.

तिसरी गोष्ट पैशांची आणि वस्तूंची. अशा दानाला मोठा वारसा आहे. 1180 साली जेरुसलेमच्या यात्रेहून परतलेल्या जोस नावाच्या एका लंडनकराने पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातली एक खोली अठरा गरीब विद्यार्थ्यांच्या निवासासाठी मिळवून दिली आणि त्यांच्या खर्चाची तरतूद केली. पॅरिसमधले पहिले कॉलेज ते हेच. ते सुरू झाले ते राहण्याच्या जागेपासून! पुढे 1837 मध्ये अमेरिकेत मेरी लायन यांनी माउंट होल्योक ही मुलींची शाळा काढली, तेव्हा हिरव्या मखमली पिशवीत देणग्या गोळा करत त्या गावोगाव फिरल्या, आणि खोल्यांच्या सामानासाठी त्यांनी स्त्रियांच्या शिवण मंडळांकडे मदत मागितली.

आमची मागणी याहून पुष्कळ लहान आहे. स्वच्छ चादरी, पांघरुणे, अभ्यासाचे टेबल-दिवे, चालू स्थितीतली भांडी आणि एक कपडे धुण्याचे यंत्र हवे आहे. फाटके-तुटके देऊ नका; जे आपल्या मुलाच्या खोलीत ठेवाल तेच द्या. रोख देणगी कितीही लहान असली तरी चालेल, पण पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. हा निधी वेगळ्या खात्यात राहील, फक्त सुट्टीतल्या निवासावर, वीज-पाण्यावर, जेवणावर आणि औषधपाण्यावर खर्च होईल, आणि पुढचे सत्र सुरू झाल्यावर त्याचा हिशेब प्रार्थनागृहाच्या फलकावर लावला जाईल. मदत घेणाऱ्या मुलांची नावे मात्र कुठेही लागणार नाहीत, देणगीदारांनी विचारली तरी नाहीत.

माजी विद्यार्थ्यांना एक वेगळी विनंती. तुम्ही याच खोल्यांत राहिलात. कुणी तुमची फी भरली, कुणी आजारपणात रात्रभर उशाशी बसले. सुट्टीत एखाद्या दुपारी इथे या, मुलांबरोबर जेवा, त्यांना नोकरीच्या अर्जात मदत करा. पैसे देणे जमत नसेल तर हे द्या.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या आठवड्यांतल्या, पहिल्या रविवारी उपासनेनंतर समिती प्रार्थनागृहाच्या दाराशी नोंदवही घेऊन बसेल. रात्रीची पाळी, घरी बोलावणे, वस्तू, देणगी, यांपैकी जे जमेल त्यापुढे नाव लिहा. त्याआधी कळवायचे असेल तर वसतिगृहाच्या कार्यालयात वॉर्डनना भेटा. वस्तू मात्र नोंद झाल्यावरच आणाव्यात, कारण ठेवायला जागा थोडी आहे.

आपली,
वसतिगृह साहाय्य समिती