औषध कधी द्यायचं, हे पेटीतली पिल्लं सांगतात

चि. नितीन यास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि चौकटींचे फोटो मिळाले. पोळं छान बांधलंय, पिल्लं सलग आहेत, मधे रिकामी घरं फारशी नाहीत. म्हणजे राणी चांगली आहे. तू विचारलंस की मधमाश्यांवर जगणाऱ्या माइट या बारीक किडीचं औषध कोणतं आणि कुठल्या महिन्यात द्यायचं. महिना मी सांगणार नाही. इकडच्या पुस्तकांतलं वेळापत्रक थंड देशाचं आहे. इथे हिवाळ्यात राणी अंडी घालणं थांबवते, पेटीत मेणाने झाकलेलं बंद पिल्लू (अळी किंवा कोष) उरत नाही आणि त्या वेळी एकदा दिलेलं औषध जवळपास सगळे माइट मारतं. तुझ्या पेटीत पिल्लं बाराही महिने असणार. तेच औषध, त्याच मापात, तुझ्याकडे निम्मंही काम करणार नाही. म्हणून आधी ही कीड राहते कुठे ते समजून घे.

या माइटचं नाव व्हरोआ. तिची मादी तांबूस तपकिरी, चपटी, लांबीला सुमारे 1.1 आणि रुंदीला 1.6 मिलिमीटर असते, खेकड्यासारखी आडवी. अळीचं घर मेणाने बंद होण्याच्या जरा आधी ती आत शिरते आणि अळीच्या अन्नात दडून बसते. घर बंद झाल्यावर साधारण अडीच ते तीन दिवसांनी पहिलं अंडं घालते, त्यातून नर निघतो. पुढे दर सव्वा दिवसाला एकेक मादीचं अंडं. बहीण-भावांचं मीलन त्याच बंद घरात उरकतं. कामकरी माशीचं घर 12 दिवस बंद राहतं, तेवढ्यात एक, फार तर दीड मुलगी तयार होऊन बाहेर पडते. नर माशीचं घर 14-15 दिवस बंद असतं, तिथे दोनाहून जास्त. म्हणून माइटना नरांची घरं आवडतात. पेटीत पिल्लं असतात तेव्हा बहुतेक माइट या बंद घरांतच असतात, माश्यांच्या अंगावर थोडे. तुला डोळ्यांनी दिसतात ते हे थोडे.

ही कीड मुळात आपल्या सातेरीची, म्हणजे देशी मधमाशीची. सातेरीत ती मुख्यतः नरांच्याच घरात वाढते, शिवाय माश्या तिला अंगावरून झटकतात, त्यामुळे दोघींचं जमून गेलंय. तुझ्या पेटीतल्या मेलिफेराला, म्हणजे युरोपीय मधमाशीला, ही सवय नाही. जुन्या पुस्तकांत तिचं नाव ‘व्हरोआ जेकबसोनी’ दिसेल. मेलिफेरावरची जात वेगळी आहे हे अँडरसन आणि ट्रूमन यांनी 2000 साली दाखवलं आणि तिला ‘व्हरोआ डिस्ट्रक्टर’ नाव मिळालं. माहिती शोधताना हेच नाव वापर.

फसगत होते ती इथे. ऐन फुलोऱ्यात पेटी भरगच्च दिसते, कारण माश्या आणि माइट दोन्ही वाढत असतात. फुलोरा सरला की राणी अंडी कमी करते, माश्या घटतात, पण माइट तेवढेच राहतात आणि उरलेल्या थोड्या घरांत गर्दी करतात. एकेका कोषावर तीन-चार माइट बसले की त्यातून आखूड, चुरगळलेल्या पंखांची माशी निघते. तो पंखांचा विषाणू माइटच पसरवतो. असे पंख दिसायला लागले म्हणजे उशीर झालेला असतो. तेव्हा ‘पेटी चांगली दिसतेय’ यावर विसंबू नकोस, मोज.

मोजायची रीत अशी. आधी राणी शोध आणि ती असलेली चौकट बाजूला ठेव. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मग उघड्या, मोठ्या अळ्या असलेली चौकट घे, कारण माइट दाया माश्यांवर, म्हणजे अळ्यांना भरवणाऱ्या तरुण माश्यांवर, जास्त असतात. ती एका टबात झटक, काही क्षण थांब म्हणजे म्हाताऱ्या माश्या उडून जातील. टब तिरका करून कोपऱ्यात गोळा झालेल्या माश्यांतून अर्धा कप, म्हणजे सुमारे 120 मिलि, उचल. त्यात साधारण 300 माश्या बसतात. रुंद तोंडाच्या बरणीत त्या टाक, वर सर्जिकल स्पिरिट ओत, झाकण लावून मिनिटभर गोल फिरव. मग झाकणाच्या जागी 3 मिलिमीटरची जाळी लावून द्रव पांढऱ्या थाळीत गाळ. माइट तळाशी बसतात, तांबडे ठिपके स्पष्ट दिसतात. आकड्याला तीनने भाग की शेकडा प्रमाण मिळतं. 6 माइट म्हणजे 2 टक्के, तिथे औषधाची तयारी कर. 9 म्हणजे 3 टक्के, तिथे थांबूच नकोस. पहिल्या वेळी बरणीतल्या माश्याही मोजून बघ, म्हणजे तुझ्या मापात खरोखर किती येतात ते कळेल. तीनशे माश्या मरतात याचं वाईट वाटतं, मला माहीत आहे. पण चांगली राणी दिवसाला हजाराच्या वर अंडी घालते. पिठीसाखरेत घोळून माश्या जिवंत ठेवण्याची रीतही आहे. दमट हवेत साखर चिकटते आणि आकडा कमी येतो, त्यामुळे पावसाळ्यात तिच्यावर भरवसा नको. महिन्यातून एकदा मोज आणि प्रत्येक पेटीची वेगळी नोंद ठेव.

आणखी एक कीड तुला सांभाळावी लागेल, जिच्याबद्दल इकडची पुस्तकं थोडकंच लिहितात: ट्रोपिलेलॅप्स. ही आग्या माशीवरची. व्हरोआपेक्षा लहान, लांबट, आणि पोळ्यावर भराभर पळते. ती माशीच्या अंगावर फार वेळ राहत नाही, म्हणून बरणीच्या चाचणीत सापडत नाही. तिच्यासाठी चौकट पांढऱ्या थाळीवर जोरात आपट, नाहीतर बंद घरं काट्याने उघडून बघ. तिची एक दुबळी बाजू आहे. पूर्ण वाढलेल्या माशीला ती नीट चावू शकत नाही, त्यामुळे पिल्लांशिवाय ती दोन-तीन दिवसांच्या पुढे टिकत नाही.

म्हणूनच तुझ्यासाठी मला राणी कोंडण्याची रीत सगळ्यात उपयोगी वाटते. नरांची बंद घरं आधी कापून टाक, मग राणीला छोट्या पिंजऱ्यात पिल्लांच्या मधोमध ठेव. पिंजऱ्यात अंडी घालायला पोळं नको; माश्यांना तिला भरवता येईल अशा फटी हव्यात. सातव्या दिवशी सगळ्या चौकटी बघून नव्या राणीची घरं मोड, नाहीतर माश्या दुसरी राणी करतील. अंड्यापासून कामकरी 21 दिवसांत बाहेर पडते, राहून गेलेला नर 24 व्या दिवशी. चोविसाव्या दिवशी राणी सोड. आता एकही बंद घर नाही. नवी पिल्लं बंद व्हायला आठ-नऊ दिवस लागतात, त्याच्या आत ऑक्झॅलिक आम्ल दे. मधल्या दिवसांत ट्रोपिलेलॅप्स उपाशी मरते आणि व्हरोआला लपायला जागा उरत नाही. हे मुख्य फुलोऱ्याच्या आधीच्या सहा आठवड्यांत मात्र करू नकोस. अंड्यापासून मध आणणारी माशी व्हायला तेवढा काळ लागतो आणि ऐन वेळी पेटीत मजूर नसतील.

ऑक्झॅलिकचं माप: एक लिटर साखरेच्या पाकात, साखर आणि पाणी समसमान, 35 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड डायहायड्रेट. धातूचं भांडं नको. रबरी हातमोजे आणि चष्मा घालच. माश्या बसलेल्या दोन चौकटींमधल्या प्रत्येक फटीत सिरिंजने 5 मिलि सोड, एका पेटीला 50 मिलिच्या वर नाही. त्याच माश्यांना हे पुन्हा पुन्हा पाजू नये, त्यांच्या पोटाला बाधतं. आणि बंद घरांवर ते चालत नाही, सगळी मेख तिथेच आहे.

मेणाच्या झाकणाआड पोचतं ते फॉर्मिक ॲसिड. पण पट्ट्या वापरण्यासाठी दिवसाचं कमाल तापमान 10 ते 29 अंशांच्या दरम्यान हवं. त्याच्या वर वाफ एकदम सुटते, पिल्लं मरतात, कधी राणीही जाते. उन्हाळ्यात नावच काढू नकोस. थायमॉलही वाफेवर चालतं, सावकाश. अमिट्राझच्या पट्ट्या सोप्या आहेत: माश्यांनी भरलेल्या पाच चौकटींना एक, पिल्लांच्या मधे टांगायची, किमान सहा आठवडे. लेबलवरच्या शेवटच्या दिवशी ती काढायचीच. पेटीत विसरलेली पट्टी माइटना सवय लावते. फ्लुव्हॅलिनेट या औषधाचं अनेक देशांत असंच झालं आणि तिथे ते पूर्वीसारखं लागू पडत नाही. कुठलंही रासायनिक औषध देताना मधाचा कोठा उतरवलेला हवा. शेतीचं कीटकनाशक लाकडी पट्टीला चोपडून घरगुती उपाय करणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस, ते मेणात मुरतं.

माइट पकडायला नरांच्या घरांची चौकट ठेवणार असशील तर अंडी पडल्याची तारीख तिच्यावरच लिही. घरं बंद झाली की 24 व्या दिवसाच्या आत काढून गोठव. विसरलास तर तीच माइटचा कारखाना होते.

बाकी देखभाल तुला जमतेय. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेव, नाहीतर मुंग्या चढतील. माश्या जेवढ्या चौकटी झाकतात तेवढ्याच पेटीत असू देत, उघड्या पोळ्याला मेणकिडा लागतो. पावसाळ्यात पाक संध्याकाळी दे, सांडू देऊ नकोस, दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांची लूटमार सुरू होते.

औषध संपल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा बरणी फिरव. आकडा खाली आला नसेल तर औषध बदल, मात्रा वाढवू नकोस. दोन्ही पेट्यांचे आधीचे-नंतरचे आकडे आणि बंद पिल्लांच्या चौकटी किती, एवढं मला पाठव. मग राणी या महिन्यात कोंडायची की फुलोरा उरकल्यावर, ते ठरवू.

आई-बाबांना नमस्कार, मेघाला आशीर्वाद.

तुझी,
ताई