काय बघायचं ते छापता, कुठला प्लॅन घ्यायचा तेही छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही ओटीटीवर या आठवड्यात नवीन काय ते छापता, आमच्या घरात ते पान सगळ्यात आधी पळवलं जातं. पण खरं सांगू का, काय बघायचं हा कुणाचा प्रॉब्लेमच नाहीये. ते कुठल्या ॲपवर, त्यातल्या कुठल्या प्लॅनमध्ये, टीव्हीवर लागणार का नुसतं फोनवर, आणि एका वेळी घरातली किती जणं बघू शकणार, हे कुणी धड सांगत नाही. मग माणूस एकतर सगळ्यात महागाचा घेऊन मोकळा होतोय नाहीतर सगळ्यात स्वस्तातला घेऊन बसतोय.

नेटफ्लिक्सचंच घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी दर उतरवले तेव्हा महिन्याला मोबाइल १४९, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९ असे चार प्लॅन झाले. आता पहिल्या दोघांत फरक पन्नास रुपयांचा, म्हणून लोक १४९ वाला घेतात आणि मग टीव्हीवर का लागत नाही म्हणून विचारत फिरतात, अहो तो फोन नाहीतर टॅबपुरताच आहे. १९९ वाला टीव्हीवर लागतो पण एका वेळी एकच स्क्रीन, ४९९ ला दोन, ६४९ ला चार. आणि लोक बघतात काय तर क्वालिटी, फोर-के पायजे म्हणे. आधी भिंतीवरचा टीव्ही कुठला ते तरी बघा ना, ३२ इंची बहुतेक सगळे एचडी रेडीच असतात, त्याला फोर-के चे पैसे भरून चित्र तेवढंच दिसणार. शिवाय फोर-के ला नेटफ्लिक्स स्वतःच १५ एमबीपीएस स्पीड सांगतंय, फुल एचडीला ५, आणि रात्री सगळी गल्ली नेटवर बसली की तेवढं आपल्या वायफायला मिळतंय का तेही बघायला पायजे.

माझं म्हणणं एवढंच, की घरात माणसं किती ते मोजू नका, रात्री नऊला एकाच वेळी किती स्क्रीन चालू असतात ते मोजा. आमच्यात सहा माणसं आहेत पण स्क्रीन दोनच्या वर क्वचित जातात, कारण सासूबाई मालिका केबलवर बघतात आणि सासरे साडेनऊला झोपतात. मालिकांचं तर वेगळंच त्रांगडं आहे, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी फाइव्हवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. केबलचं बिल भरताय आणि वर याच मालिकांसाठी ॲप पण घेताय तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे झाले की नाही? एकतर केबल ठेवा नाहीतर ॲप. म्हातारी माणसं घरात असतील तर केबलच ठेवा बाई, रिमोटची तीन बटणं त्यांना पाठ असतात, ॲपमध्ये प्रोफाइल विचारलं की हाक आलीच. सासऱ्यांना जुन्या दूरदर्शनची आवड, त्यांना मी प्रसार भारतीचं वेव्हज ॲप फोनवर टाकून दिलंय, २०२४ च्या नोव्हेंबरात आलं ते, त्यात फुकटात बघण्यासारखं बरंच आहे.

खरी भांडणं खेळावरून. आता कोल्हापुरात घरात फुटबॉलवाला नाही असं होतंय का! आमच्याकडं दोन आहेत. प्रीमियर लीग जिओहॉटस्टारवर, चॅम्पियन्स लीग सोनी लिव्हवर, म्हणजे एकाच खेळाला दोन बिलं. २०२२ चा वर्ल्ड कप जिओसिनेमावर फुकट बघितला, २०२३ आणि २०२४ ची आयपीएल पण तशीच, त्यामुळं फुकटची सवय लागली आणि मग फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार ही दोन ॲप एक होऊन जिओहॉटस्टार झालं आणि पैसे सुरू. (शाहू स्टेडियमवरच्या मॅचला अजून सबस्क्रिप्शन लागत नाही, गेलं की बसलं.) सुरू झालं तेव्हा मोबाइल प्लॅन तीन महिन्याला १४९, दोन स्क्रीनचा सुपर २९९ नाहीतर वर्षाला ८९९, आणि चार स्क्रीनचा प्रीमियम वर्षाला १४९९ असं होतं. प्रीमियम लोकांनी घेतला तो जाहिराती नकोत म्हणून, पण लाइव्ह मॅचला जाहिराती येतातच, ते बारीक अक्षरात असतंय.

यात साधा हिशोब आहे. आयपीएल दोन महिन्यांची, तिच्यासाठी वर्षाचं कशाला, तीन महिन्याचं बास. फुटबॉलची प्रीमियर लीग ऑगस्ट ते मे चालते, तिथं वर्षाचं परवडतं. आणि वेब सिरीजवाले ॲप तर आळीपाळीनं घ्यावेत, एक महिना हे, पुढच्या महिन्यात ते, मागचं बंद. पोरं कुरकुर करतात, करू देत. सिरीज कुठं पळून जात नाही.

पुण्याला शिकायला पोरगा असेल तर अजून एक भानगड. नेटफ्लिक्सनं जुलै २०२३ पासून आपल्याकडं एक अकाउंट एका घरापुरतंच असं केलंय, त्यामुळं तो रूमवरच्या टीव्हीला आपला पासवर्ड लावणार आणि चालणार हे धरून चालू नका, नुसतं त्याच्यासाठी म्हणून चार स्क्रीनचा घेण्यात अर्थ नाही. रिचार्जबरोबर फ्री मिळतंय म्हणतात तेही बऱ्याचदा फोनपुरतं असतं, आणि रिचार्ज संपला की तेही संपलं.

आणि ऑटोपे, म्हणजे आपोआप पैसे कटणं! एका ॲपचं नाव घेत नाही, पण घेताना एक बटण आणि बंद करताना पाच पानं, प्रत्येक पानावर "खरंच जाताय का" म्हणून विचारणार. याला केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवून अडकवायच्या युक्त्यांविरुद्धच्या, नियमात सबस्क्रिप्शन ट्रॅप म्हणून मनाई केलेली आहे, तक्रारीला १९१५ नंबर आहे, हे तुमच्या वाचकांना कळू दे. ॲपमध्ये बटण सापडत नसेल तर ज्या यूपीआयवरून पैसे जातात तिथं ऑटोपे उघडायचं, सगळे मँडेट, म्हणजे पैसे कापायला आपण दिलेल्या परवानग्या, दिसतात, तिथूनच रद्द होतं. पैसे कटायच्या चोवीस तास आधी कळवायचं हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो मेसेज ज्यांच्या फोनवर येतो त्यांनी वाचला पायजे ना, आमच्या ह्यांच्या फोनवर न वाचलेले मेसेज किती आहेत ते विचारूच नका.

तर साहेब, विनंती अशी की पूर्वी कुठल्या टॉकीजला कुठला पिक्चर नि खेळ किती वाजता हे तुम्ही रोज चौकटीत छापायचा, तशीच महिन्याच्या एक तारखेला एक चौकट छापा. ॲपचं नाव, प्लॅन, त्या महिन्याचा दर, स्क्रीन किती, टीव्हीवर लागतो का, बास. मी वर लिहिलेले दर त्या त्या वेळचे आहेत, ते बदलत राहतात म्हणून तर दर महिन्याला पायजे. आणि जाहिराती येतात का नाही हा रकाना विसरू नका, कारण प्राइम व्हिडिओवर जून २०२५ पासून वर्षाचे पैसे भरलेल्यांना पण जाहिराती लागल्यात आणि त्या नको असतील तर वेगळे पैसे मागतात.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर