पोथीतली २१ आणि लेण्यातली २४

महोदय,

‘पुराणे म्हणजेच आपला इतिहास’ यावरून आपल्या वाचकपत्रांत सध्या चांगलीच जुंपली आहे. आमच्या पैठणला गेल्या महिन्यात सप्ताह झाला, तिथेही महाराजांनी ठणकावून सांगितले, “पुराणात राजांची नावे आहेत, वर्षे आहेत, आणखी कसला पुरावा पाहिजे?” सगळा मांडव डोलला. मीही टाळी वाजवली, खोटे कशाला बोलू. पण जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. घरी आल्यावर झोप येईना.

राजा आमच्याच गावचा घेऊ. सातवाहन घराण्यातला गौतमीपुत्र सातकर्णी. मत्स्यपुराण त्याला २१ वर्षे देते. नाशिकच्या लेण्यात मात्र त्याचा आणि राजमातेचा आदेश कोरलेला आहे, तो राज्याच्या २४ व्या वर्षीचा. मजकूर असा : भिक्षूंना पूर्वी दिलेले कखडी गावचे शेत कोणी कसत नाही, गावही उठून गेले आहे, तेव्हा नगराच्या शिवेवरच्या आमच्या रानातून त्यांना शंभर निवर्तने (जमीन मोजायचे जुने माप) द्यावीत. वाचताना तलाठ्याकडचा फेरफारच हातात घेतल्यासारखे वाटते. पडीक रानाबद्दल कोण कशाला थाप मारील? आणि २१ व्या वर्षी संपलेला राजा २४ व्या वर्षी जमीन देतो कसा? (भिक्षूंसाठी कोरलेल्या या लेण्यांना सगळे पांडवलेणी म्हणतात, ती गंमत वेगळीच.)

घराण्याच्या एकूण वर्षांतही मेळ नाही. मत्स्यपुराणात ४६०, तर दुसऱ्या पुराणात हाच हिशेब ३०० वर येतो. लेखांत हे राजे स्वतःला सातवाहन म्हणवतात, पुराणे त्यांना आंध्र म्हणतात. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला गौतमीपुत्राचा शत्रू क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. शत्रूला हरवल्याचा याहून ठसठशीत पुरावा कोणता? पण पुराणातल्या राजांच्या यादीत या लढाईचा शब्द नाही. तिथे फक्त नाव आणि वर्षे. शिवाय ही यादी भविष्य म्हणून सांगितली आहे, ‘हे राजे होतील’ अशा भाषेत. घडून गेलेले भविष्य म्हणून सांगायचे आणि पिढ्यान्‌पिढ्या हाताने उतरवून घ्यायचे, म्हटल्यावर आकडे इकडचे तिकडे होणारच.

म्हणून पोथ्या गोदेत सोडा, असे मी म्हणत नाही. पुळुमावी, यज्ञश्री ही नावे नाण्यांवर मिळाली आणि पुराणातल्या यादीशी जुळली. ती यादी नसती तर यांच्या आधी कोण, नंतर कोण, हे लावताना अभ्यासकांच्या नाकी नऊ आले असते.

मला खरा विश्वास वाटतो तो पोथी जे सहज बोलून जाते त्यावर. बौद्धांच्या सुत्तनिपात या पाली ग्रंथात गोदाकाठच्या बावरी नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. (त्या प्रकरणाचे नाव पारायनवग्ग. आमच्या सप्ताहवाल्यांना आवडावे.) दक्षिणा मिळाली नाही म्हणून एक जण बावरीला शाप देतो, सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील. बावरी घाबरतो आणि आपले सोळा शिष्य बुद्धाकडे पाठवतो. शापाचे राहू द्या. शिष्य निघाले ती वाट बघा : पतिठ्ठान म्हणजे आमचे पैठण, मग माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती. नकाशा काढा, गावे एकामागून एक उत्तरेकडे सरकत जातात. कथाकाराला बुद्धाची थोरवी सांगायची होती. रस्त्यात त्याचा काही स्वार्थ नव्हता. म्हणून रस्ता नीट उतरला.

पैठणच्या पालथ्या नगरीत पाऊस पडून गेला की खापरे उघडी पडतात. लहानपणी आम्ही तिथे मणी शोधायला जायचो. शाप लागून नगर पालथे झाले, असे आजी सांगायची, आणि मणी हाती लागला की तोच पुरावा म्हणून पदराला बांधून ठेवायची. मणी खराच होता.

आपल्याला एक विनंती. आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘पुराणात म्हटले आहे’ हे वाक्य वरचेवर येते. पुराणे अठरा आहेत. कोणत्या पुराणात, एवढे लेखकाला विचारून मगच छापत जावे.

– एक निवृत्त शिक्षक, पैठण