मन्याला, अमृतसरहून आल्यावर

प्रिय मन्या,

सहा महिने तुझे फोन उचलले नाहीत. कामाचं सांगितलं, ते खोटं होतं. काकूंची ज्ञानेश्वरी वाळवीने खाल्ली. दिवाळीत माळ्यावरची ट्रंक काढली, तर लाल फडक्यात माती आणि पुठ्ठा. कॅनडाला जाताना तू "येईन तेव्हा नेईन" म्हणून माझ्या हातात दिलेली, आणि मी ती माळ्यावर टाकली. तुला हे सांगायला तोंड नव्हतं.

मी बरा आहे. आईचे गुडघे तसेच.

मागच्या आठवड्यात सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरला गेलो. वाटेत स्टेशनावर लंगर आला तेव्हा तुझी आठवण निघाली. तू असतास तर डबा बदलून दुसऱ्यांदा जेवला असतास. रात्री हरमंदिर साहिबमध्ये, म्हणजे सुवर्णमंदिरात, सुखासन पाहिलं, म्हणजे ग्रंथसाहिबाला रात्रीच्या विसाव्याला नेण्याचा विधी. आपलं लहानपण नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दारात गेलं, पण असा शेवटपर्यंत कधी थांबलो नव्हतो रे. अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली. ग्रंथसाहिब मिटला, वर रुमाले, म्हणजे रेशमी वस्त्रं, गुंडाळले, आणि ग्रंथींनी, म्हणजे ग्रंथाची सेवा करणाऱ्यांनी, तो डोक्यावर घेऊन बाहेर आणला. सोनेरी पालखी, फुलंच फुलं, चौरी ढाळणारा मागे. खांदा द्यायला ही झुंबड! नरसिंगा, म्हणजे रणशिंग, वाजला आणि पालखी अकाल तख्ताकडे निघाली. तिथे कोठा साहिब या खोलीत रात्रीचा विसावा. पहाटे तीच पालखी परत, दरबारात पुन्हा प्रकाश, म्हणजे ग्रंथ उघडणं. ग्रंथ उघडला की डाव्या पानावर वर जो शबद, म्हणजे पद, येईल, तो त्या दिवसाचा हुकूम. १६०४ साली इथे ग्रंथ पहिल्यांदा मांडला, तेव्हा बाबा बुड्ढाजी पहिले ग्रंथी होते.

आठवीत नगीनाघाटावर तू म्हणाला होतास, "पुस्तकाला कुणी झोपवतं का?" मी तुझा अर्धा दात पाडला. गोविंदसिंगांनी १७०८ साली आपल्याच नांदेडात ग्रंथाला गुरुपद दिलं, हे मी पाठ्यपुस्तकातलं ओरडून सांगितलं होतं, पण कळलं काहीच नव्हतं. ते पानाला पान म्हणत नाहीत मन्या, अंग म्हणतात. एकूण १४३० अंगं. म्हणून वर चांदवा, म्हणजे छत, खाली मंजी, म्हणजे छोटी खाट, आणि गाद्या, थंडीत ऊबदार पांघरूण. अंग जीर्ण झालं तर रद्दीत नाही जात. पंजाबातल्या गोइंदवालला नेऊन अग्नी देतात.

आणि त्यात नामदेवांची ६१ पदं. म्हणजे आपला नामा रोज रात्री त्या पालखीत असतो! २०१५ मध्ये नामदेवांच्या पंजाबातल्या घुमानला झालेल्या साहित्य संमेलनाला तू ऐनवेळी टांग दिलीस, त्याचा राग अजून गेलेला नाही, सांगून ठेवतो.

पालखी गेल्यावर मी परिक्रमेत बसून रडलो. काकू आंघोळ केल्याशिवाय पोथीला हात लावायच्या नाहीत. पाट मांडायच्या, फडकं सोडायच्या, आधी नमस्कार. तेही प्रकाश-सुखासनच होतं, आपण बाजूला बसून चिंचा खात होतो. रोज उघडणारं कुणी उरलं नाही, म्हणून वाळवी आली. दोष माझा आहे, मन्या. तू शिव्या दे.

पोरीच्या ॲडमिशनचं आईकडून कळलं, फार आनंद झाला. वहिनींची पाठ?

पहिले सात अध्याय गेले. आठव्यापासून पंधराव्यापर्यंत वाचता येतं, कडा तेवढ्या खाल्ल्यात. नवव्यात काकूंनी ठेवलेलं मोरपीस तसंच आहे. बाइंडरला दाखवलं, तो म्हणतो उरलेलं शिवून देतो. शेजारचे गोदावरीत सोडा म्हणतात. तुला विचारल्याशिवाय मी दोन्ही करणार नाही. सध्या देवघरात पाटावर ठेवली आहे, फडकं नवं घेतलं. संध्याकाळी आई उघडते, दोन ओव्या वाचून पुन्हा बांधते.

मे महिन्यात येणार असशील तर तसं सांग. फोन कर, आता उचलीन.

तुझा,
सुध्या