डिमेन्शियाचा शिक्का मारायच्या आधी एकदा या तपासण्या बघा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. म्हातारपणातल्या विसरभोळेपणावर आपल्या पेपरात परवा अख्खं पान आलं होतं, चांगलं होतं, पण त्यात एक वाक्य होतं की डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा आजार हळूहळू वाढतो आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण हेच वाक्य आमच्या घरात दोन महिने सगळ्यांनी खरं मानलं होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, वय ७१. दिवाळीपर्यंत सोसायटीचा हिशोब स्वतःच्या हाताने लिहीत होते आणि संक्रांतीला नातीचं नाव आठवेना. मधल्या दिवसांत त्यांचा उजवा हात मधेच झटका बसल्यासारखा आखडायचा, तोंड त्याच बाजूला ओढलं जायचं, दोन-तीन सेकंद, की परत सगळं नीट. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. हातातला कप पडायचा. कोणी म्हणालं कमजोरी, कोणी म्हणालं टेन्शन, रक्तात सोडियम कमी निघालं तर मीठ वाढवा म्हणाले. एका हॉस्पिटलात एमआरआय झाला, वयानुसार मेंदू थोडा आकसलाय, अल्झायमर आहे असं सांगून गोळ्या लिहून दिल्या, आणि आम्ही पण मान हलवून घरी आलो.

नंतर दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो तर त्यांनी फाईल उघडायच्या आधी दोनच गोष्टी विचारल्या, हे किती दिवसांत झालं आणि हाताचा तो झटका कोणी मोबाईलवर शूट केलाय का. भावाने केला होता. व्हिडिओ बघून ते म्हणाले हे अल्झायमर वाटत नाही, आधी रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे रोगप्रतिकारक शक्तीने बनवलेली प्रोटीन्स, बघू. एलजीआय-१ नावाची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. म्हणजे शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक शक्ती मेंदूतल्या एका प्रोटीनवर उलटलेली, याला ऑटोइम्यून एन्सेफलायटिस म्हणतात. ही अँटिबॉडी नेमकी ओळखली गेली ती २०१० मध्ये, त्याआधी या पेशंटना वेगळ्याच नावाखाली टाकत होते. तो हाताचा आणि चेहऱ्याचा झटका आणि कमी सोडियम, ही दोन्ही याच आजाराची खास खूण, आणि ती आमच्या रिपोर्टमध्ये पहिल्या दिवसापासून होती हो!

पाच दिवस रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड सलाईनमधून दिलं, मग पुढची औषधं. झटके आठवड्याभरात थांबले. तीन महिन्यांनी आण्णा परत हिशोब लिहायला बसले. पण ती संक्रांत त्यांच्या आठवणीत नाहीच, ते दोन महिने गेले ते गेलेच, आणि उपचार लवकर झाले असते तर एवढं नुकसान झालं नसतं हे डॉक्टरांनीच सांगितलं.

तेव्हापासून मी यावर जमेल तेवढं वाचलंय, डॉक्टरांना विचारून विचारून त्रास दिलाय. पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी सुईने काढून तपासलं तर बरंच कळतं. अल्झायमरमध्ये त्यात अमायलॉइड बीटा-४२ नावाचं प्रोटीन कमी होतं आणि फॉस्फो-टाऊ, म्हणजे टाऊ प्रोटीनचा एक बदललेला प्रकार, वाढतं. ऑटोइम्यून आजारात टोटल टाऊ वाढू शकतं, कारण पेशी दुखावल्यात एवढंच ते सांगतं, पण फॉस्फो-टाऊ बहुतेक वेळा नॉर्मल असतं, आणि कधी कधी पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. न्यूरोफिलामेंट नावाची टेस्ट पण अशीच, नुकसान किती ते सांगते, कोणी केलं ते नाही. १४-३-३ प्रोटीन पॉझिटिव्ह आलं म्हणून काही पेशंटना प्रिऑनचा, म्हणजे जीवघेणा आजार सांगितला जातो, पण ते ऑटोइम्यूनमध्येही पॉझिटिव्ह येऊ शकतं, त्यासाठी आरटी-क्विक नावाची जास्त नेमकी टेस्ट आहे. कुठलं सॅम्पल तेही महत्त्वाचं, एलजीआय-१ रक्तात चांगली सापडते, अशाच दुसऱ्या ऑटोइम्यून आजारातली एनएमडीए रिसेप्टरची अँटिबॉडी मात्र पाठीतल्या पाण्यात शोधावी लागते.

रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये ऑटोइम्यून एन्सेफलायटिसच्या पेशंटचा अभ्यास छापला, ४५ च्या पुढच्या १७५ जणांपैकी ६७ जण डिमेन्शियाच्या व्याख्येत बसत होते. ३८ टक्के! हे सगळे लोक चुकून अल्झायमरच्या रांगेत उभे राहू शकले असते.

आता उलटी बाजू पण सांगते, नाहीतर उद्या प्रत्येक आजी-आजोबांची हजारो रुपयांची टेस्ट होईल. पाच-सहा वर्षं हळूहळू विसरत चाललेल्या माणसात हा आजार शक्यतो नसतो. थायरॉइडची टीपीओ अँटिबॉडी बऱ्याच निरोगी लोकांतही असते, तेवढ्यावरून हा आजार समजून स्टिरॉईड सुरू करणं चुकीचं आहे. आणि ऑटोइम्यून आजार आणि अल्झायमरसारखे आजार यांच्यामधली भिंत नेहमी पक्की नसते, २०१४ मध्ये बार्सिलोनात सापडलेल्या आयजीएलओएन-५ नावाच्या अँटिबॉडीच्या आजारात अँटिबॉडी पण असते आणि मेंदूत टाऊ पण साचलेलं असतं.

भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे असा अंदाज आहे. त्यातले बरेचसे खरोखरच अल्झायमरसारख्या आजाराचे असणार, मान्य. पण काही आठवड्यांत किंवा दोन-चार महिन्यांत माणूस बदलला असेल, सोबत फिट, झटके, कमी सोडियम, अचानक भास किंवा झोपेचा गोंधळ असेल, तर अँटिबॉडीची तपासणी झाल्याशिवाय डिमेन्शियाचा कागद हातात घेऊ नका आणि झटक्याचा व्हिडिओ आवर्जून काढून ठेवा. जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात निदान सॅम्पल घेऊन मोठ्या लॅबला पाठवायची सोय व्हावी, आम्हाला त्यासाठी पुण्याला जावं लागलं, सगळ्यांना ते झेपत नाही.

आपल्या पुढच्या आरोग्य पुरवणीत यावर एखाद्या न्यूरॉलॉजिस्टकडून लेख लिहून घ्या, ही विनंती. आण्णा रोज सकाळी आधी तुमचाच पेपर वाचतात.

आपली,
एक वाचक, सांगली