सुमे, बोर्डावर लागायच्या आधी तुला सांगते

सुमे,

फोनच करणार होते पण आमच्या आईचे कान तुला माहितीयेत, म्हणून टाइप करतीये. वाचून झालं की डिलीट मार.

आमचं ठरलंय. माझं आणि तंबोरेवाल्याचं. हो, तोच, मिरजेचा. किंचाळू नकोस.

मी त्याच्याकडं पहिल्यांदा गेले ते पप्पांनीच पाठवलं म्हणून, भजनी मंडळाचा तंबोरा नीट बोलत नव्हता. हा कानशीनं घोडी, म्हणजे तारांखालची ती पट्टी, घासत बसलेला, मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, छेडायचा, मान हलवायचा, परत काढायचा, असं अर्धा तास, आणि एकदम तार अशी झणझणली की माझ्या दातात मुंग्या आल्या. म्हणतो कसा, "आता जवारी खुलली." जवारी म्हणजे तारेची तीच झणझण. गेले मी तिथंच कामातनं.

पप्पा आजपण म्हणतात, पोराच्या हातात कसब आहे. पण जावई म्हणून? इलेक्शनला पप्पा ज्यांचा झेंडा घेऊन फिरले त्यांच्याच विरोधात ह्याचे चाचा बूथवर बसलेले, आणि २००९ च्या गणपतीतल्या दंगलीचा विषय निघाला की दोन्ही घरात आवाज चढतोच. त्याची अम्मी तरी काय, मला शिरखुर्मा वाटीभर जास्त वाढते आणि हळूच म्हणते, निकाह कर की बेटा. मी नाव बदलणार नाही म्हणून सांगितलं, तो म्हणाला मग मीपण नाही, विषय संपला.

आता राहिला १९५४ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट. धर्म बदलायला लागत नाही, पण आधी नोटीस द्यायची आणि ती ३० दिवस लग्न नोंदणीच्या ऑफिसात चिकटवतात, नाव गाव पत्त्यासकट! तेवढ्यात कुणीपण येऊन हरकत घेऊ शकतं. आणि पप्पांचा प्लॉटचा धंदा, दस्ताच्या कामाला आठवड्यातनं दोनदा त्याच बिल्डिंगीत. त्यांनी ते बोर्डावर वाचावं, शेजारी कुणीतरी एजंट उभा असताना, हे मला नकोय गं. मार खाईन, पण सांगीन मीच. रविवारी, भजनाला जायच्या आधी, तेव्हा जरा मऊ असतात.

तो म्हणतो मीपण येतो. मी म्हणलं तू घरी बस.

साक्षीदार तीन लागतात. दोघं त्याचे मित्र आहेत, तिसरी तू. पुण्याहून यायला जमेल ना? आधार कार्ड विसरू नकोस, आणि तुझी ती हिरवी साडी माझ्यासाठी आण, माझ्याकडच्या सगळ्या आईच्या कपाटात आहेत.

तुझीच