ऑपरेशनला मी येत नाहीये

१२ ऑक्टोबर २००७

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही म्हणून लिहितेय. बाबा, २९ तारखेला तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी येत नाहीये. तिकीट परवाच रद्द केलं. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण तुम्ही लगेच "नको गं येऊस, अर्ध्या तासाचं तर काम" म्हणाला असतात आणि मला रडू आवरलं नसतं.

२६ पासून कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलला आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या स्पर्धेच्या निवड फेऱ्या आहेत. त्यातून निवडलेल्या गाड्यांची ३ नोव्हेंबरला अंतिम स्पर्धा: हवाई दलाच्या बंद पडलेल्या तळावर, रिकाम्या घरांच्या गल्ल्यांतून साठ मैल, सहा तासांच्या आत, कॅलिफोर्नियाचे वाहतुकीचे नियम पाळून. आणि गाडीत माणूस नाही. आई, २००४ मध्ये वाळवंटातल्या पहिल्या स्पर्धेत सगळ्यांत पुढे गेलेली गाडीही सातेक मैलांवर अडकली, तेव्हा तू विचारलं होतंस, "हे शिकायला गेलीस का तिकडे?" पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी १३२ मैल पार केले. पण तिथे समोरून कोणी येत नव्हतं. यंदा इतर गाड्या असतील, माणसं चालवत असलेल्यासुद्धा.

आमच्या गाडीने चौकात काय करायचं, तो भाग माझ्याकडे आहे. इथे काही चौकांत चारही बाजूंना थांबायची पाटी असते. जो आधी आला तो आधी जातो. माणसं ते नजरेनेच ठरवून टाकतात. आई, शाळेत सोडताना तू माझा हात घट्ट धरून म्हणायचीस, "ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघ. त्याने तुला पाहिलंय ना? मग टाक पाऊल." गाडीला नेमकं तेच जमत नाही. टपावर ६४ लेझर गरगर फिरतात, कोण किती लांब आहे ते तिला कळतं, पण त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. म्हणून कोण कधी आलं ते लक्षात ठेवायचं, आपली पाळी असूनही दुसरा मध्ये घुसला तर थांबायचं, आणि कोणी हललंच नाही तर ताटकळत न बसता हळूच निघायचं. हे सगळं मी लिहिलंय. ऐनवेळी बिघडलं तर दुसऱ्याला उमगेपर्यंत वेळ निघून जाईल. मी खूप विचार केला हो, खरंच.

माझी काळजी करू नका. चाचणीच्या वेळी दुरून बटण दाबलं की गाडी जागच्या जागी थांबते. खोलीत गरम पाणी आहे, दोन्ही वेळा नीट जेवते. रात्री वाळवंटात गारठा पडतो, तर आई, तू विणलेला निळा स्वेटर बॅगेत सगळ्यांत वर ठेवलाय.

आता ऐका. बाबा, थेंब वेळेवर घालायचे. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकून काही उचलायचं नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटरची किल्ली दादाकडे राहील. तो आठवडाभर रजा काढून येतोय, त्याच्यावर चिडू नका, मीच सगळं लिहून दिलंय त्याला. आई, बाबांच्या थेंबांच्या नादात तुझ्या बीपीच्या गोळ्या राहायला नकोत. आणि मागच्या वेळेसारखं "सगळं छान आहे" म्हणून माझ्यापासून काही लपवायचं नाही. दोघांनीही.

बाबा, पट्टी निघाली की माझ्याकडे मध्यरात्र असली तरी फोन करा. पहिल्यांदा काय स्पष्ट दिसलं, ते मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय.

तुमची,
मनू